टपावरचं बिऱ्हाड

जुनी स्कूल बस घ्यायला गेलेला जाणता माणूस इंजिनाकडे नंतर वळतो. आधी तो आत चढतो, सरळ शेवटच्या बाकापर्यंत चालत जातो आणि बुटाची टाच जमिनीवर आपटतो. आवाज टणक आला तर पुढचं बोलणं. बद्द आला तर मॅटखालचा प्लाय कुजलेला, म्हणजे भाव तिथेच पाच-दहा हजारांनी उतरला. मग मागच्या चाकावरची कमान बघायची. पोरांच्या पायांबरोबर आलेला चिखल वर्षानुवर्षं तिथेच साचतो आणि पत्रा आतून खातो. खिडकीच्या रबराखाली पाणी झिरपल्याची तपकिरी रेघ दिसते का, कमानपाट्याचं एखादं पान तुटलंय का, चासीवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरलाय का... एवढं झाल्यावर बॉनेट उघडायचं. तोवर विकणाऱ्याने चहा सांगितलेला असतो.

ही बस कशाला हवी असते? द्राक्षबागांवर मजूर ने-आण करायला, लग्नातल्या बँडच्या माणसांना आणि वाद्यांना, जत्रेत दुकान लावणाऱ्याला, तमाशाच्या फडाला. आणि अलीकडे, तुरळक का होईना, सीटा काढून आत ओटा आणि पलंग बसवून फिरतं घर करायला. या शेवटच्या गिऱ्हाईकाला स्कूल बस का आवडते, याचं उत्तर थोडं गमतीचं आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसगाड्यांसाठी जे नियम घालून दिले, त्यांतले बरेचसे घरालाही लागू पडतात. खिडक्यांना आडवे गज हवेत, दाराला भरवशाची कडी-कुलपं हवीत, आग विझवण्याचं नळकांडं हवं, औषधाची पेटी हवी, सीटखाली दप्तरं ठेवायला जागा हवी. वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये म्हणून नियंत्रक हवा. गज, कडी, कुलूप, सामानाची जागा आणि सावकाश चाल: वाड्याला आणखी काय लागतं?

स्कूल बसचा पिवळा रंग मात्र परदेशातून आला. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर या प्राध्यापकाने बैठक भरवली आणि पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं ज्यावर उठून दिसतील असा पिवळा तिथे ठरला. त्याच १९३९ सालच्या बांधणीची एक शाळेची बस पुढे १९६४ मध्ये लेखक केन केसी आणि त्याच्या टोळीने घेतली, आत झोपायच्या फळ्या आधीच्या मालकानेच ठोकलेल्या होत्या, टोळीने बाहेरून रंगांचा धिंगाणा केला आणि अमेरिका पालथी घातली. १९७१ मध्ये स्टीफन गॅस्किनच्या मागे शेकडो माणसं जुन्या स्कूल बसच्या तांड्याने सॅन फ्रान्सिस्कोहून निघून टेनेसीत जमीन घेऊन राहिली आणि घरं उभी राहीपर्यंत बसमध्येच नांदली. तिकडे याला स्वातंत्र्य म्हणतात आणि त्याचे व्हिडिओ लोक तासन्‌तास बघतात. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात घर गाडीवर घालण्याला स्वातंत्र्य म्हणण्याची पद्धत नाही. तिथे त्याला बिऱ्हाड हलवणं म्हणतात, आणि ते पावसाच्या हिशोबाने चालतं.

कवठे महांकाळ हे त्या पूर्व भागातलं तालुक्याचं गाव. महांकाली देवीवरून नावातला दुसरा शब्द आला. एका बाजूला कृष्णाकाठचा काळा, पाणथळ मुलूख, दुसऱ्या बाजूला जत-सांगोल्याचं माळरान आणि मध्ये हा तालुका. सह्याद्रीवर ओतून झालेला पाऊस इथे यायचा तो उरलासुरला. अग्रणी नदी बहुतेक दिवस वाळूचीच. हा भाग एके काळी सांगली संस्थानात मोडायचा. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे माणूस जागेवरून न हलताही त्याचा जिल्हा बदलत होता. पण माणूस जागेवर राहायचा कुठे?

सगळ्यात जुनं फिरतं घर धनगरांचं. तालुक्यातल्या आरेवाडीला बिरोबाचं बन आहे आणि महाराष्ट्र-कर्नाटकातला धनगर समाज तिथे लोटतो. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने १९७६ साली महाराष्ट्रातल्या मेंढपाळांच्या देवांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा असे तिघे आहेत. देव एका जागी बनात बसलेला आणि भक्त वर्षातले आठ महिने वाटेवर, असा हा संसार. दसरा-दिवाळी झाली की मेंढरं पाण्याच्या मुलखाकडे निघतात, पाऊस लागला की माळावर परततात. शेजारच्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून जिचं नाव पडलं, ती उंच, लांब नाकाची मेंढी या चालीसाठीच घडल्यासारखी दिसते.

या घराची बांधणी नीट बघावी. घर म्हणजे एक-दोन घोडी. पाठीवर आधी घोंगडी आणि वाकळ, त्यावर दोन्ही बाजूंना समतोल राहतील अशी पोती, एकात दाणे, दुसऱ्यात भांडी. वर मेंढरांभोवती लावायची वाघूर आणि तिच्या मेखा. त्यावर कोंबड्या, पाय बांधून. कालपरवा जन्मलेली कोकरं जाळीत, माना बाहेर. आणि सगळ्यांच्या वर कधी कधी घरातलं सगळ्यात लहान मूल. काय खाली, काय वर, सुटताना आधी काय हाताला लागलं पाहिजे, हे ठरलेलं. मुक्कामाला पोचल्यावर अर्ध्या तासात चूल पेटते, कारण चुलीचं सामान सगळ्यात शेवटी लादलेलं असतं. ट्रकात घरसामान भरणाऱ्या शहरी माणसाला ही एक गोष्ट कधी साधत नाही. त्याचा चहाचा डबा कायम सगळ्यात तळच्या खोक्यात सापडतो.

कैकाड्यांचं घर गाढवावर असे. फलटण भागातल्या लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या ‘उपरा’ने हे बिऱ्हाड मराठी वाचकाच्या दारात आणून उभं केलं. नंदीवाले, गोपाळ, डोंबारी यांची चाल अशीच, फक्त जनावर वेगळं. गावाबाहेरच्या माळावर या बिऱ्हाडांना मोजून दिवस मिळत.

आणि मग सर्कस! आज ऐकून खरं वाटणार नाही, पण भारतातली सर्कस जन्मली ती याच टापूत. विष्णुपंत छत्रे हे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे ते घोड्यांच्या तालमीचं काम बघत. मुंबईला त्यांनी कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहिली आणि १८८० मध्ये आपली स्वतःची उभी केली. कियारिनीचं सामान छत्र्यांनीच विकत घेतलं, असं सर्कशीच्या इतिहासात सांगितलं जातं. तसं असेल, तर इथलं पहिलं मोठं फिरतं घरसुद्धा जुन्या बाजारातलंच. पाठोपाठ म्हैसाळची देवल सर्कस, सांगलीची कार्लेकर सर्कस, तासगावची परशुराम लायन सर्कस. नकाशावर कवठे महांकाळभोवती बोट फिरवलं तर ही गावं एक-दोन दिवसांच्या बैलगाडीच्या टप्प्यात येतात. माणसं, घोडे, वाघ, तंबू, भटारखाना असं अख्खं गाव उचलून दुसऱ्या गावाला मांडायचं, हे शास्त्र या भागातल्या लोकांनी रेल्वेच्या डब्यांवर आणि आगबोटींवर शिकून घेतलं. त्याआधीही १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा दहा वर्षांत ती मंडळी मुंबईच्या ग्रँट रोडच्या नाटकघरापर्यंत पोचली होती. प्रवास नसेल तर नाटक नाही आणि सर्कसही नाही. दोन्ही धंद्यांचं भांडवल म्हणजे बांधाबांध.

कवठे महांकाळला स्वतःची चाकं मिळाली १९२७ मध्ये. बार्शी लाईट रेल्वेचा फाटा पंढरपूरहून मिरजेपर्यंत आला आणि सांगोला, ढालगाव, लंगरपेठ, कवठे महांकाळ, सलगरे अशी स्टेशनं उभी राहिली. रूळ अवघे अडीच फूट अंतरावर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही छोटी गाडी कमी खर्चात जास्त वजन नेईल अशी आखली होती. लोकांनी तिचा अर्थ आपापल्या परीने लावला. आषाढीला वारकरी, एरवी भुसार, आणि नोकरीचा कागद हातात आला की एखादं कुटुंब ट्रंक-वळकटीसह. पुढे अडीच फुटी रूळ काढून मोठे घातले गेले, आणि एप्रिल २०१६ मध्ये याच वाटेने मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ज्या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या पाण्यामागे बिऱ्हाड हलवलं, त्याच्या दारावरून पाणीच प्रवासाला निघालं होतं.

रेल्वे मात्र स्टेशनापर्यंतच. तिथून आत गावात जायचं तर बैलगाडी, नाहीतर सर्व्हिस मोटार. सर्व्हिस मोटार म्हणजे एस.टी.च्या आधीची खासगी बस. तिला ठरलेली वेळ अशी नसे. माणसं भरली की गाडी हलायची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा या गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी आली. पहाटे उठून क्लीनरने शेगडी फुलवायची, धूर जाऊन गॅस धरायला लागला की मग गाडी. चढ आला की माणसं खाली. युद्ध संपल्यावर लष्कराने वापरलेले ट्रक देशभर लिलावात निघाले आणि कित्येक गाडीमालकांनी ते घेऊन त्यांवर लाकडी साचा चढवून बस केल्या. आज बसचं घर करायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही: त्यांच्या आजोबांनी ट्रकची बस केली होती, तीही वापरलेल्या ट्रकची, आणि त्यासाठी कुणाचा व्हिडिओ पाहिलेला नव्हता. सुतार, लोहार आणि मोटारीचा मिस्तरी एवढे तिघे पुरे झाले.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी बस सुटली. हळूहळू खासगी मोटारी गेल्या, लाल एस.टी. आली, आणि तिच्याबरोबर आला टप. महाराष्ट्रात बिऱ्हाड हलवण्याचा इतिहास लिहायचा तर त्यातला सगळ्यात मोठा अध्याय या टपाचा असायला हवा, आणि तो अजून कुणी धड लिहिलेला नाही.

टप म्हणजे बसच्या छतावरची कठड्याची जागा. मागे लोखंडी शिडी. प्राथमिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कंपाउंडर, पोस्टातला माणूस अशा सगळ्यांची बदली व्हायची ती टपावरून. ट्रक परवडत नसे आणि ट्रकभर सामानही नसे. सामान म्हणजे दोन ट्रंका, वळकट्या, पितळी हंडा-कळशी, रॉकेलचा स्टोव्ह, पाटा-वरवंटा, जात्याच्या दोन तळ्या, सायकल, तुळस लावलेला डालड्याचा डबा. आणि एक बाज. चढवण्याची रीत अशी, की सगळ्यात आधी बाज वर जायची, तीही उलटी, चारी खूर आभाळाकडे. मग त्या चार खुरांच्या मधे बाकीचं रचायचं आणि वरून सुंभाची दोरी आवळायची. बाजेचीच पेटी झाली. जात्याच्या तळ्या वेगवेगळ्या, दोन बाजूंना, म्हणजे वळणावर भार एकीकडे जायचा नाही. पाटा कधीच वर नाही. तो सीटखाली, कारण दोरी सुटली तर तो खाली कुणाच्या डोक्यात पडेल याचा नेम नाही.

कंडक्टर खाली उभा राहून मोजायचा आणि लगेजचं तिकीट फाडायचा. घासाघीस व्हायची ती तिथे. डबा लगेजमध्ये धरायचा की हातातला? कोंबडीचं डालगं? नवऱ्याने टपावर उभं राहून बायकोला खाली विचारायचं, काही राहिलं का, आणि तिने रिकाम्या घराकडे बघत नाही म्हणायचं. डबल बेल झाली की गाव मागे पडायचं. पाऊस असला तर गादीवर ताडपत्री किंवा खताच्या पोत्यांची शिवलेली झूल. मुक्कामी पोचेपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर धुळीचा एक थर, आणि नव्या गावातली पोरं बाजेचे खूर बघून ओळखायची: गुरुजी आले.

पुढे टप गेला. नव्या बांधणीच्या गाड्यांत सामान पोटात घालायच्या डिक्क्या आल्या, छत गुळगुळीत झालं, शिडी नाहीशी झाली. डिक्कीत सुटकेस मावते, बाज मावत नाही.

याच टापूत घर हलूच नये म्हणूनही एक मोठा विचार झाला, हे विसरता येत नाही. विधान परिषदेचे एके काळचे सभापती वि. स. पागे हे शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. गावातल्या माणसाने काम मागितलं तर सरकारने ते गावातच द्यावं, या कल्पनेचा पहिला प्रयोग त्यांनी १९६० च्या दशकात विसापूर भागात करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. दुष्काळी कामांवर खडी फोडून लोक जगले, पण बिऱ्हाडं थांबली म्हणावं तर तसंही नाही. विटा, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळच्या गावांतून गलाई कामगार मूस, चिमटा आणि भट्टीचं कसब घेऊन सोनं-चांदी गाळायला देशभर गेले. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ पेठांच्या मागच्या गल्लीत आजही माणदेशी मराठी कानावर पडते. ही मंडळी निघाली रेल्वेच्या साध्या डब्यातून आणि आता जत्रेला येतात त्या खासगी लक्झरीने.

ऊसतोडीचं बिऱ्हाड त्याहून उघडं. जत, आटपाडी, कवठे महांकाळच्या माळावरून आणि मराठवाड्यातून माणसं कृष्णाकाठच्या कारखान्यांवर जातात. इथे मोजमाप माणसांत होत नाही, कोयत्यात होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणून दिवाळी झाली की निघावंच लागतं. आधी बैलगाडी, मग टायरगाडी, आता ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत सरपण, पिठाची पोती, शेळी, पाण्याची पिंपं आणि वर बसलेली पोरं. फडाच्या कडेला पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्या. पोरांची शाळा मागे गावात. शाळेची बस या पोरांना दिसते ती फक्त रस्त्यावरून जाताना.

जुनी बस घेऊन तिचं खरोखर घर करणारे या भागातले पहिले लोक शोधायचे तर तमाशाच्या फडाकडे जावं लागतं. मिरज-पंढरपूर या एकाच वाटेची दोन टोकं तमाशाने बांधलेली आहेत. इकडे मिरज तालुक्यातलं कवलापूर, शिवा-संभा कवलापूरकरांचं आणि पुढे काळू-बाळूंचं. तिकडे पंढरपूर, विठाबाई नारायणगावकरांचं जन्मगाव. काळू-बाळू हे जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’ या वगातल्या दोन हवालदारांच्या भूमिकांनी त्यांना ही नावं दिली आणि तीच कायम चिकटली. जत्रांच्या दिवसांत गावोगावी या फडांच्या कनाती उभ्या राहत.

जुन्या काळी फड बैलगाडीने फिरे, पुढे एस.टी.ने, ढोलकी मांडीवर आणि पेट्या टपावर. तंबूचा तमाशा आला तेव्हा ते पुरेना. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, वादक, तंबू ठोकणारे, विजेचं बघणारे, आचारी, वाहनांचे चालक आणि या सगळ्यांची पोरंबाळं. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत रोज नवं गाव. सामानाला ट्रक आणि माणसांना बस, आणि दोन्ही घ्यायचे ते वापरलेले, कारण फडाला कर्ज मिळतं ते सावकाराचं, बँक दारात उभं करत नाही. नवी बस घेऊन कुठला फडमालक टिकेल?

त्या बसमध्ये दिवस कसा जातो ते एकदा बघण्यासारखं असतं. रात्री दहाला गण सुरू होतो. गौळण, बतावणी, रंगबाजी करत वग संपेपर्यंत पहाट उजाडते. शेवटच्या टाळीबरोबर कनातीच्या मेखा उपटायला सुरुवात. पावडर पुसली न पुसली तोच बायका बसमध्ये चढतात. दोन सीटांच्या मध्ये पत्र्याची पेटी टाकली की पलंग झाला. खिडकीच्या गजांना साडीची झोळी, झोळीत तान्हं. वरच्या रॅकवर घुंगरांची पिशवी, कारण ती पायाशी ठेवायची नसते. पुढच्या काचेवर गणपती, त्याखाली उदबत्ती खोचायला अर्धा बटाटा. नऊवारी लुगडी वाळत घालायला दोन्ही बाजूंच्या दांड्यांना दोरी बांधलेली, आणि गाडी चालू असताना ती सगळी एका लयीत हलतात. दुपारी नव्या गावाच्या ओढ्याकाठी गाडी थांबली की बाई झोपेतून उठून विचारते, गाव कोणतं? विठाबाई प्रयोग चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर गेल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यातला तो दुसरा भाग मात्र कुणी सांगत नाही: त्या बाळाचंही पहिलं घर चाकांवरचंच असणार.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे जत्रा बंद झाल्या. फडांचे ट्रक आणि बस गावांच्या कडेला उभ्या राहिल्या, टायरांतून गवत उगवलं. नेमक्या त्याच महिन्यांत शाळाही बंद होत्या आणि स्कूल बसचे मालक हप्ते थकल्याने गाड्या मिळेल त्या भावाला काढत होते. बाजारात पिवळ्या गाड्या स्वस्त झाल्या, पण ज्याला त्या लागतात तो गिऱ्हाईकच कंगाल झालेला.

ज्याला एवढी मोठी बस लागत नाही तो टेम्पो बघतो. घरसामान हलवणाऱ्या गाडीला मराठीत सरसकट टेम्पो म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. हा शब्द जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या विडाल आणि पुत्र यांच्या तीनचाकी गाडीचा. फिरोदियांनी १९५८ मध्ये ती इथे बनवायला घेतली आणि कंपनीचं नाव जातिवाचक झालं. तिच्यानंतर मॅटाडोर आली, आणि २००५ मध्ये टाटांची एस, जिला महाराष्ट्राने लगेच छोटा हत्ती करून टाकलं. धनगरांच्या घोड्यावरचं ओझंही आता पुष्कळदा छोट्या हत्तीतून पुढे जातं. मेंढरं मागून चालत येतात.

मोठ्या शहरांत जुन्या बसना वेगळी नोकरी लागली. मुंबई-पुण्यात डोअर स्टेप स्कूल या संस्थेने बसमध्ये वर्ग भरवला, वस्तीतली पोरं शाळेपर्यंत जात नाहीत तर शाळाच वस्तीत नेली. पुण्यात २०१६ पासून भंगारातल्या पीएमपीच्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली, ‘ती’ या नावाने. शाळा आणि न्हाणीघर झाल्यावर राहिलं होतं ते घर. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा फिरत्या घराला पहिल्यांदा सरकारी कागदावर प्रतिष्ठेची जागा मिळाली. ऊसतोडीची ट्रॉली त्या धोरणात बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

हौसेने जुनी बस घेणाऱ्याला खरी धडकी भरते ती कागदांची. मोटार वाहन कायदा, १९८८, त्याचं ५२ वं कलम: कंपनीने गाडी जशी घडवली आणि आरसी बुकात जशी लिहिली, तिच्यात मालकाने मनाने फरक करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे सीटा काढण्याआधी आरटीओची परवानगी, आधीच्या मालकाचा बोजा उतरल्याचा दाखला, वाहनाचा वर्ग बदलून घेणं, नवा टॅक्स, पासिंग. टपावर उलटी बाज चढवणाऱ्या गुरुजींना यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. एस.टी.ची जुनी गाडी घेऊन काही करावं म्हटलं तर १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महामंडळांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीच संपते, त्यांना थेट भंगार केंद्राची वाट. जुन्या बाजारात मोठी, उभं राहता येईल अशी गाडी उरली ती बहुतेक खासगी शाळेचीच.

सौदा ठरला की पहिलं काम सीटा काढण्याचं. बोल्ट गंजलेले असतात. पोरांनी सांडलेलं पाणी, चिंचेचं सरबत आणि उलट्या असं सगळं त्यांच्या पेचांत मुरलेलं असतं. त्यांवर डिझेल टाकून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पाना लावायचा. शेवटची सीट निघाली की खाली सापडतं ते वेगळंच: खोडरबरं, एक पायमोजा, पाच रुपयांचं नाणं, कुणाच्या तरी वेणीची लाल रिबीन. सीटा वजनावर घ्यायला भंगारवाला येतो, पण सगळ्या त्याला मिळत नाहीत. चांगल्यातल्या दोन गॅरेजवालाच ठेवून घेतो. मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या एखाद्या गॅरेजच्या भिंतीला टेकून अशी जोडसीट बघायला मिळते, रेक्झिन उसवलेलं, पाठीवर कर्कटकने कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं आणि मध्ये बदाम. सर्व्हिसिंगला आलेलं गिऱ्हाईक तिच्यावर बसून चहा पितं. गुडघे हनुवटीपाशी येतात, कारण ती सीट चौथीतल्या पोराच्या मापाची असते.